सहा क्वेव्हर, तीन-तीन की दोन-दोन? पियानोच्या शीटमधले गट कसे वाचायचे

प्रश्न असा आला आहे: "मी काही वर्षं हार्मोनियम शिकलो, भातखंडे लिपी वाचता येते. आता डिजिटल पियानो घेतलाय आणि स्टाफ नोटेशनवरून, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीवरून, वाजवायला शिकतोय. कुठली नोट किती लांब हे कळतं. पण एका पानावर सहा क्वेव्हर तीन-तीन जोडलेले असतात, दुसऱ्यावर दोन-दोन, तिसऱ्यावर सगळे सहा एकाच दांडीखाली. कधी वर ३ लिहिलेला असतो, दोन ओळींनी तो गायब होतो. कुठे चौकोनी कंस, कुठे कमान. इंटरनेटवरून उतरवलेल्या एका भावगीताच्या शीटमध्ये तर नोट्स वाटेल तिथे तोडल्यात. बेरीज सगळीकडे तीच येते, मग वाजवताना फरक नेमका काय करायचा?"

बेरीज तीच येते, बरोबर आहे. पण तुम्ही पान हिशेबाच्या वहीसारखं वाचताय: ही नोट अर्धी, ही पाव, झाली बेरीज, पुढे चला. गट करण्यामागचा हेतू वेगळा असतो. आत्ता बीट, म्हणजे तालाचा ठोका, कुठे पडतोय हे डोळ्याला न मोजता दिसावं, म्हणून गट केलेले असतात. तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या खुणा एकत्र मिसळल्या आहेत. दांडी, म्हणजे बीम, बीट कुठे सुरू होतो ते दाखवते. अंक, म्हणजे ३, ५, ६ वगैरे, त्या बीटची नेहमीपेक्षा वेगळी वाटणी केली आहे असं सांगतो. आणि कमान, म्हणजे स्लर, सांगते की इथून इथपर्यंत हात न उचलता एका श्वासात वाजवा. तिन्ही खुणा एकाच चार नोट्सवर एकदम असू शकतात आणि एकमेकींशी त्यांचा संबंध नसू शकतो. म्हणून त्या एकेक करून घेऊ.

परीक्षांमुळे आपल्याकडे ब्रिटिश नावं रुळली आहेत, तीच वापरते: क्रॉचेट सहसा एका बीटचा, क्वेव्हर त्याच्या निम्मा, सेमीक्वेव्हर पाव. अमेरिकन पुस्तक हातात असेल तर त्यात यांनाच क्वार्टर, एट्थ, सिक्स्टीन्थ म्हणतात.

आधी बीम. सहा क्वेव्हरचा बार, म्हणजे दोन उभ्या बारलाइनांमधला तुकडा, दोन प्रकारे होतो. टाइम सिग्नेचर, म्हणजे सुरुवातीला छापलेले तालाचे दोन आकडे, ३/४ असेल तर तीन बीट्स, प्रत्येकात दोन क्वेव्हर. ६/८ असेल तर दोनच बीट्स, प्रत्येकात तीन. ६/८ तुम्हाला परका नाही, तुमच्या हातात तो दादऱ्याच्या रूपानं आहे: धा धी ना, धा ती ना. सहा मात्रा, पण झुलतात दोनदा. ३/४ मध्ये वजन पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या क्वेव्हरवर येतं. ६/८ मध्ये पहिल्या आणि चौथ्यावर. म्हणजे त्याच सहा नोट्स, त्याच वेगानं वाजवल्या तरी ऐकणाऱ्याला वेगळ्या ऐकू येतात. वाजवताना करायचा फरक तो एवढाच, आणि तो सगळ्यात मोठा आहे. म्हणून ३/४ मध्ये क्वेव्हर दोन-दोन जोडतात किंवा सगळे सहा एका बीमखाली घेतात, पण तीन-तीन सहसा जोडत नाहीत, कारण डोळा लगेच ६/८ समजतो. ६/८ मध्ये तीन-तीनच. सगळे सहा एका बीमखाली दिसले की बीम तुम्हाला काहीच सांगत नाही; तेव्हा ओळीच्या सुरुवातीची टाइम सिग्नेचर बघायची आणि गट मनात पाडायचे.

याचं रोजच्या शिकवण्यातलं उदाहरण म्हणजे बेथोवेनची 'फ्यूर एलिझ'. ती सगळ्यांना येते आणि बहुतेकांच्या हातात ताल चुकीचा बसलेला असतो. ही रचना ३/८ मध्ये आहे: बारमध्ये तीन बीट्स, प्रत्येक बीट एक क्वेव्हर, म्हणजे बारमध्ये एकूण सहा सेमीक्वेव्हर. पहिल्या पूर्ण बारमध्ये ई, डी शार्प, ई, बी, डी, सी या सहा नोट्स बऱ्याच आवृत्त्यांत एकाच बीमखाली असतात. टाइम सिग्नेचर सांगते की त्यांच्या तीन जोड्या आहेत. पण पुढच्याच बारमध्ये डावा हात ए-ई-ए वाजवतो आणि मग उजवा हात सी-ई-ए. तीन इकडे, तीन तिकडे, दोन्ही गट आपापल्या बीमखाली. डोळा म्हणतो तीन-तीन, अंगही डुलतं दोनदा, आणि ३/८ चा ६/१६ होऊन जातो. त्या बारला "एक-आणि, दोन-आणि, तीन-आणि" मोजून बघा. डाव्या हाताचा पहिला ए 'एक'वर, ई 'आणि'वर, वरचा ए 'दोन'वर. उजव्या हाताचा सी दोनच्या 'आणि'वर येतो, ई 'तीन'वर आणि शेवटचा ए पुन्हा 'आणि'वर. म्हणजे सीवर वजन नाहीच. वजन त्याच्या पुढच्या ईवर आहे. उजव्या हातात सीच्या आधी जो छोटासा सेमीक्वेव्हरचा रेस्ट, म्हणजे शांततेची खूण, छापलेला असतो, तो बरोबर 'दोन'वर बसतो. विद्यार्थी तो रेस्ट "थांबा" एवढाच वाचतात. तो खरं तर बीटची जागा धरून ठेवतोय. रेस्ट हासुद्धा गटाचा भाग असतो, हे लक्षात राहिलं की निम्मे गोंधळ मिटतात.

४/४ मध्ये एक नियम डोळ्यांत भरवून घ्या: बारच्या बरोबर मध्यावर, दुसऱ्या आणि तिसऱ्या बीटच्या मधे, बीम तुटतो. चार-चार क्वेव्हर एकत्र चालतील, पण मधली सीमा ओलांडायची नाही. सेमीक्वेव्हर आले की प्रत्येक बीटचा गट वेगळा. लांब नोटलाही हाच न्याय लागतो. दुसऱ्या बीटच्या 'आणि'वर सुरू होऊन तिसऱ्या बीटमध्ये शिरणारा स्वर एका क्रॉचेटनं लिहिता आला असता, पण चांगला संपादक तिथे क्वेव्हर, टाय (एकाच स्वराच्या दोन नोट्स जोडून एक करणारी कमान) आणि परत क्वेव्हर लिहितो. नवख्याला वाटतं उगाच अवघड केलंय. पण त्या टायमुळे तिसरा बीट कागदावर दिसतो.

हे कागदावर दिसणं किती कामाचं आहे ते स्कॉट जॉप्लिनच्या १९०२ च्या 'द एंटरटेनर'मध्ये कळतं. २/४ चा बार, आठ सेमीक्वेव्हरची जागा. डावा हात सरळ क्वेव्हर ठोकत जातो. उजव्या हातात मुख्य धून सुरू होते त्या बारमध्ये ई एक सेमीक्वेव्हर, वरचा सी एक क्वेव्हर, ई सेमीक्वेव्हर. मग सी क्वेव्हर, ई सेमीक्वेव्हर, आणि शेवटचा सी सेमीक्वेव्हर, जो टायनं पुढच्या बारमध्ये जातो. आता तो वरचा सी कुठे कुठे आला ते मोजा: दुसऱ्या, पाचव्या आणि आठव्या सेमीक्वेव्हरवर. दर तीनावर. कानाला तीन-तीनची ओढ लागते, आणि कागदावर मात्र बीम चार-चारचेच आहेत. जॉप्लिनला कानाला ऐकू येणारे गट बीमनं दाखवता आले असते. पण तसं केलं असतं तर वाजवणाऱ्याला डाव्या हाताचा बीट उजव्या हातात कुठेच सापडला नसता, आणि त्या धुनेतली सगळी मजा बीटशी होणाऱ्या ओढाताणीत आहे. सिंकोपेशन, म्हणजे बीटच्या मधे पडणारं वजन, वाचताना नेहमी असं करा: बीमच्या पहिल्या नोटखाली पेन्सिलीनं बारीक उभी रेघ मारा, तिथे पाय टेकवा आणि उरलेल्या नोट्स त्या पायाच्या मधे बसवा.

उलटही घडतं. कधी संगीतकार मुद्दाम बीटच्या पलीकडे, क्वचित बारलाइनच्याही पलीकडे बीम नेतो. तिथे त्याला म्हणायचं असतं की ठेका क्षणभर विसरा आणि हा तुकडा एक समजा. ३/४ मध्ये मुद्दाम तीन-तीनचे बीम दिसले तर तिथे हेमिओलासारखा (तीनाच्या आणि दोनाच्या गटांच्या अदलाबदलीचा) खेळ आहे का ते बघा. ओळखायची खूण सोपी आहे: आजूबाजूच्या दहा बारमध्ये बीम नियमानं आहेत आणि एकाच ठिकाणी मोडलेत, तर ते मोडणं अर्थपूर्ण आहे. जिथे सगळंच विस्कटलेलं आहे तिथे बहुधा लिहिणाऱ्याला नियम माहीत नाही.

आता अंक. इथे भातखंडे लिपीचा तुम्हाला फायदा होईल आणि थोडा अडथळाही. आपल्याकडे एका मात्रेच्या अर्धचंद्रावर तीन स्वर लिहिले की ते तीन एका मात्रेत सारखे बसणार, हे उघड असतं. किती स्वर आहेत यावरून प्रत्येकाची लांबी ठरते. पाश्चात्त्य पद्धतीत नोटच्या आकारालाच लांबी चिकटलेली आहे. क्वेव्हर म्हणजे अर्धा बीट. तीन क्वेव्हर म्हणजे दीड बीट. ते तीन एका बीटमध्ये बसवायचे तर वेगळं सांगावं लागतं, आणि तेच वरचा ३ सांगतो: दोनाच्या जागेत तीन. ट्रिपलेट तो हाच. आपल्या लयकारीच्या भाषेत ही आड, म्हणजे दीडपट लय. ५ असेल तर चार सेमीक्वेव्हरच्या जागेत पाच, ६ असेल तर चाराच्या जागेत सहा, ७ असेल तर बहुधा चाराच्या जागेत सात. ६/८ सारख्या तालात उलट होतं, तिथे बीट मुळातच तिनाचा असतो, म्हणून तीनाच्या जागेत दोन बसवायचे असतील तर वर २ लिहितात. काही जण तो २ न लिहिता दोन डॉटेड (टिंब लावून दीडपट लांब केलेले) क्वेव्हर लिहितात. दोन्हींचा आवाज एकच.

कंस कधी आणि कधी नाही? गटाला बीम असेल तर बीममुळे गट दिसतोच, नुसता अंक पुरतो. क्रॉचेटचा ट्रिपलेट असेल किंवा गटात रेस्ट असेल तर बीम सगळ्यांना बांधू शकत नाही, म्हणून चौकोनी कंस घालतात. कमानीचा घोळ मात्र जुन्या छपाईतून आला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या आवृत्त्यांत ३ बरोबर कंसाऐवजी कमान छापायची पद्धत होती, आणि आज इंटरनेटवर फुकट मिळणारे स्कॅन बहुतांशी त्याच काळातले आहेत. तिथली कमान स्लर आहे की नुसती ट्रिपलेटची टोपी, हे संदर्भावरून ठरवावं लागतं. कमान नेमकी तीनच नोट्सवर असेल, मधे ३ असेल आणि पुढच्या प्रत्येक गटावर तशीच असेल, तर ती बहुधा टोपी. दर तीन नोट्सनंतर हात उचलायचा नाही. हे न कळल्यामुळे शांत, सलग चालीचा तुकडा उचक्या लागल्यासारखा वाजवलेला मी पुष्कळदा ऐकला आहे.

आणखी एक सापळा फक्त वाद्यांच्या छापील शीटमध्ये असतो: बोटांचे आकडे. तिसऱ्या बोटाचा ३ आणि ट्रिपलेटचा ३ शेजारी शेजारी येतात. बोटाचा आकडा सरळ छापलेला असतो आणि एका नोटच्या डोक्यावर किंवा पायाशी असतो. ट्रिपलेटचा ३ बहुधा तिरका असतो आणि बीमच्या मध्याशी असतो. ३ दिसला की आधी विचारा, याच्या खाली तीन नोट्स आहेत का?

अंक गायब का होतो, तर वाचणाऱ्यावर विश्वास ठेवून. बेथोवेनच्या 'मूनलाइट' सोनाटाचा पहिला भाग (ओपस २७, क्रमांक २, १८०२ मध्ये छापलेला) सुरुवातीपासून ट्रिपलेटवर चालतो, एका बारमध्ये क्वेव्हरचे चार ट्रिपलेट, बारा नोट्स. सुरुवातीला ३ लिहिलेला असतो, पुढे सोडून दिलेला. बीम तीन-तीनचेच राहतात, आणि बारची बेरीज दुसऱ्या कुठल्याही प्रकारे जमणार नाही. म्हणून अंक गेला की घाबरू नका, बीम मोजा. तुमच्या बेरजेचा उपयोग इथे आहे: बारमध्ये जास्त क्वेव्हर भरलेत असं वाटलं तर कुठे तरी न लिहिलेला ३ दडलेला आहे.

याच रचनेत पियानोची खास गोष्ट दिसते: एकाच स्टाफवर दोन आवाज. उजव्या हातात ट्रिपलेटही आहेत आणि पाचव्या बारपासून त्यांच्यावर मेलडीही. मेलडीच्या नोट्सच्या काड्या (उभ्या रेघा) वर, ट्रिपलेटच्या खाली. वरच्या काड्यांचे गट आणि खालच्या काड्यांचे गट स्वतंत्र वाचायचे. दोन्ही मिसळून बेरीज केलीत तर कधीच जमणार नाही. मेलडीत डॉटेड क्वेव्हर आणि सेमीक्वेव्हर आहे. क्रॉचेटचे बारा भाग केले तर ट्रिपलेटची तिसरी नोट आठ भाग संपल्यावर येते आणि मेलडीचा सेमीक्वेव्हर नऊ भाग संपल्यावर. म्हणजे ट्रिपलेटच्या शेवटच्या नोटबरोबर नाही, किंचित नंतर. बेथोवेनचे शिष्य कार्ल चेर्नी यांनीही तो नंतरच वाजवायला सांगितलं आहे. मी तसंच शिकवते, कारण त्या किंचित उशिरामुळे मेलडी खालच्या लाटेपासून सुटी होऊन ऐकू येते.

पण हा नियम सगळीकडे लावू नका. बाखच्या पहिल्या पार्टिटातल्या कोरांटमध्ये उजव्या हाताला ट्रिपलेट आणि डाव्या हाताला डॉटेड जोडी आहे. तिथे बरेच वादक डाव्या हाताची छोटी नोट ट्रिपलेटच्या तिसऱ्या नोटबरोबरच वाजवतात, कारण त्या काळी ट्रिपलेटमधली 'दोन भाग आणि एक भाग' अशी वाटणी लिहायला डॉटेड जोडीच वापरत. चिन्ह तेच, काळ वेगळा, म्हणून वाचन वेगळं. जॅझच्या पानावर 'स्विंग' लिहिलं असेल तर सरळ जोडीत छापलेले क्वेव्हरही ट्रिपलेटसारखे, पहिला लांब दुसरा आखूड, वाजवायचे असतात. तेव्हा "छापलंय तसंच वाजवू का?" याचं उत्तर रचना कुणाची, केव्हाची आणि आवृत्ती कोणती यावर अवलंबून आहे. 'फ्यूर एलिझ' तर १८६७ मध्ये, बेथोवेन गेल्यावर चाळीस वर्षांनी छापली गेली, आणि ज्या हस्तलिखितावरून ती छापली ते आज हाती नाही. तुमच्या पानावरचे काही बीम संपादकानं ठरवलेले असू शकतात. शंका आली की दोन आवृत्त्या शेजारी ठेवून बघा.

दोन हातांत वेगवेगळे गट आले की खरी परीक्षा. देब्युसीच्या पहिल्या अरबेस्कमध्ये सुरुवातीच्या काही बारनंतर उजव्या हातात ट्रिपलेट आणि डाव्या हातात साधे क्वेव्हर येतात. तीनावर दोन. हार्मोनियमवाल्यांना हे जास्त जड जातं असं मी पाहिलंय, कारण डावा हात वर्षानुवर्षं भात्यावर असतो, त्याला स्वतःचा ताल सांभाळायची सवय नसते. मांडीवर करून बघा. सहा मोजा. उजवा हात एक, तीन, पाचवर. डावा एक आणि चारवर. क्रम असा येतो: दोन्ही, उजवा, डावा, उजवा. अंतरं दोन, एक, एक, दोन. हे हळू, म्हणजे प्रत्येक आकडा स्पष्ट उच्चारत, हात स्वतःहून चालू लागेपर्यंत करायचं. मग आकडे बोलणं सोडायचं आणि फक्त 'दोन्ही' जिथे येतो तो क्षण ऐकायचा. बीमची पहिली नोट म्हणजेच तो 'दोन्ही'. दोन्ही स्टाफवर गट एका उभ्या रेषेत सुरू होतात का ते बघा. चांगल्या छपाईत होतातच.

चारावर तीन असेल तर बारा मोजावे लागतात: चाराचा हात एक, चार, सात, दहावर, तीनाचा एक, पाच, नऊवर. शोपँच्या 'फँटेझी-इंप्रॉम्प्ट्यू'त हेच आहे. १८३४ ची रचना, त्याच्या मृत्यूनंतर १८५५ मध्ये छापलेली. डाव्या हातात सहा-सहाचे गट, उजव्या हातात सेमीक्वेव्हर. तिथे डाव्या हाताचा सहाचा गट एका मिनिमवर, म्हणजे दोन क्रॉचेटच्या वेळात, पसरलेला आहे आणि त्याच वेळात उजवा हात आठ वाजवतो, म्हणजे दर क्रॉचेटला चारावर तीन. ही रचना इतकी वेगवान आहे की बारा मोजणं फक्त सुरुवातीला, कान तयार होण्यापुरतं. पुढे प्रत्येक हात वेगळा, पूर्ण सवयीचा करून, दोन्ही हात फक्त गटाच्या पहिल्या नोटवर भेटवायचे. उजव्या हाताची धून रेस्टनं सुरू होते, म्हणजे पहिल्याच भेटीच्या जागी उजवा हात रिकामा असतो. तो रेस्ट मनात जोरात वाजवा, नाही तर उजवा हात डाव्याबरोबर निघतो आणि सगळा बार घसरतो.

सहाच्या अंकाबद्दल एक उपप्रश्न नेहमी येतो: सहा म्हणजे तीनाचे दोन की दोनाचे तीन? अंक ते सांगत नाही. आतली दुसरी दांडी कुठे तुटली आहे, स्वरांचा आकृतिबंध कुठे पुन्हा सुरू होतो आणि दुसरा हात काय करतोय, यावरून ठरवायचं.

आणि शोपँचे ते भयंकर दिसणारे अंक? नॉक्टर्न ओपस ९ क्रमांक १ मध्ये अगदी सुरुवातीलाच उजव्या हातात ११ चा गट डाव्या हाताच्या सहा क्वेव्हरवर येतो, आणि लगेच २२ चा बारा क्वेव्हरवर. इथे लसावि काढत बसणाऱ्याला मी थांबवते. अकरा आणि सहाचा अचूक हिशेब हातानं होत नाही आणि ऐकायलाही नको असतो. सरावासाठी आधार म्हणून पाच क्वेव्हरना दोन-दोन नोट्स आणि एकाला एक अशी वाटणी करा, एकाची जागा साधारण सुरुवातीकडे ठेवा, म्हणजे गट सावकाश निघून पुढे वाहतो. डावा हात घट्ट झाला की ती वाटणी सोडून द्या. इथे अंकाचा अर्थ "इतक्या वेळात हे सगळं, सहज" असा आहे. ख्याल गाणारा समेआधी तान कशी सोडतो आणि समेवर कसा येतो हे तुम्ही ऐकलं आहे. आतल्या स्वरांचा हिशेब मोकळा, पोचण्याची जागा पक्की. हा गट तसाच वाजवा. ओपस ९ क्रमांक २ च्या शेवटाकडे तर बारीक छापलेल्या नोट्सचा मोठा तुकडा आहे आणि त्यावर ताल सोडा अशी स्पष्ट सूचना आहे. तिथे मोजायचं काहीच नाही.

विषम ताल तुम्हाला रूपकामुळे सोपे जातील. बार्तोकनं 'मिक्रोकॉस्मोस'च्या शेवटी (क्रमांक १४८ ते १५३) बल्गेरियन तालातली सहा नृत्यं दिली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांत गट टाइम सिग्नेचरमध्येच मांडलेले असतात. क्रमांक १४९ मध्ये सात क्वेव्हर दोन, दोन, तीन असे आहेत. आपला रूपक तीन, दोन, दोन. बीम बरोबर त्याच जागी तुटतात. बीम हा बीटचा नकाशा आहे हे मला कुणाला पटवायचं असेल तर मी हेच पान उघडते. इथे बीमकडे दुर्लक्ष करून नुसते सात मोजले तर नृत्य राहतच नाही.

पियानोपुरती अजून एक गोष्ट, थोडक्यात. कधी बीम वरच्या आणि खालच्या स्टाफच्या मधे असतो आणि त्याला दोन्हीकडून काड्या येऊन मिळतात. तो एकच गट आहे, हातात वाटलेला. ऐकणाऱ्याला हात बदलल्याचं कळता कामा नये. खालच्या स्टाफवरची नोट बहुधा डाव्या हाताची, पण संपादकानं वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर नवीन पान समोर आलं की या क्रमानं बघा: टाइम सिग्नेचर, मग बीमची पहिली नोट, मग अंक आहे का आणि तो बोटाचा तर नाही ना, मग कमान. नोटची लांबी त्यानंतर.

राहिली ती भावगीताची शीट. अशा बऱ्याच शीट्स कीबोर्डवर वाजवलेल्या किंवा ऑडिओवरून काढलेल्या फाइलचं संगणकानं आपोआप नोटेशन करून बनवलेल्या असतात. प्रोग्रॅमला ठेका माहीत नसतो. तो सवयीनं ४/४ धरतो आणि गाणं दादऱ्यात असेल तर बारलाइन आणि बीम दोन्ही चुकीच्या जागी पडतात. मुक्तपणे गायलेली ओळ असेल तर टाय लावलेल्या सेमीक्वेव्हरची जाळी होते. तिथे बीमवर विश्वास ठेवू नका, आणि वाचता येत नाही म्हणून स्वतःला कमी लेखू नका.

मूळ गाणं लावा, टाळी द्या, ठेका कोणता ते ठरवा. दादरा असेल तर मात्रेला क्वेव्हर धरून ६/८ घ्या. गाणं फार संथ असेल आणि प्रत्येक मात्रा स्वतंत्र उभी राहत असेल तर ३/४ चे दोन बारही चालतील. केरवा असेल तर आठ मात्रांचे आठ क्वेव्हर, ४/४. सम जिथे ऐकू येते तिथे बारलाइन मारा. मुखडा समेआधी उचललेला असेल तर ते स्वर आधीच्या अपुऱ्या बारमध्ये जातील. मग कोऱ्या स्टाफवर पहिल्या चार बारच्या नोट्स नव्यानं लिहा आणि बीम फक्त बीटच्या आत जोडा. शब्द खाली लिहिणार असाल तर जुन्या गीतपुस्तकांत प्रत्येक अक्षराची नोट सुटी लिहिलेली सापडेल. तुम्ही गाणार नसून वाजवणार आहात, तेव्हा बीम बीटनुसारच ठेवा आणि एका अक्षरावर दोन-तीन स्वर असतील तिथे कमान द्या. चार बार झाले की त्यांचा फोटो इथे टाका, बीम कुठे हलवायचे ते मी खुणा करून सांगेन.